दोन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म नीट कशी बघायची : बैलाची चाल ओळखणाऱ्या डोळ्यांसाठी

आमच्या गावात शनिवारी रात्री समाजमंदिराच्या मागच्या भिंतीवर आम्ही छोट्या ॲनिमेशन फिल्म लावतो. मित्राचा जुना प्रोजेक्टर, त्याला मोबाईल जोडायचा, एक ब्लूटूथ स्पीकर आणि खाली ताडपत्री, बस एवढंच. यवतमाळ जिल्ह्यातलं साधं कापूस-तुरीचं गाव आहे, कोणी आर्टिस्ट नाही, कोणी कोर्स केलेला नाही. पोट्टे समोर, बाया ओट्यावर, म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन मागं.

पोळ्याच्या आधीच्या शनिवारी एक क्लिप लावली होती, कोण्या फॅनने आपल्या आवडत्या कार्टूनमधली पात्रं घेऊन स्वतः काढलेली. त्यात गोठ्यातला बैल उठतो आणि दाराशी येतो. चित्र लय सुंदर, रंग मस्त, सगळे गप्प बघून राहिले होते आणि मागून आमच्या शेजारचे आबा म्हणाले, "अरे हा बैल नाही बावा, घोडा हाय. पुढच्या पायावर आंधी उठते तो घोडा. बैल मांगून उठते."

मी क्लिप मागं घेतली, परत लावली. खरंच. बैल बसताना पुढचे गुडघे टेकतो आणि उठताना आधी मागचं धड वर घेतो, क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर तसाच राहतो आणि मग पुढचे पाय सरळ करतो, घोड्याचं उठणं याच्या उलट. काढणाऱ्याने शिंगं काढली, वशिंड काढलं, पण उठवला घोडा. आबांनी आयुष्यात ॲनिमेशन हा शब्द वापरला नसेल, पण पूर्ण क्लिपमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यांनी एका नजरेत पकडली.

तेव्हापासून मला हे लिहायचं होतं. बैलबाजारात जोडी घेताना कोणी नुसतं उभं बघून पैसे देत नाही, आधी चालवून बघतो, पाय कुठं पडते, मान किती हलते, लंगडते का. ॲनिमेशन बघायला लागतो तो डोळा हाच. चित्र किती चकचकीत आहे हे बघणारे लय आहेत, चाल बघणारे कमी, आणि आपल्याकडं तो डोळा घरोघरी आहे. फक्त तो स्क्रीनवर कसा लावायचा ते खाली सांगतो, मी जसं करत आलो तसं.

पहिलं काम : काय लावायचं आणि कसं लावायचं

सुरुवात छोट्या फिल्मने करा. दोन मिनिटं, पाच मिनिटं, जास्तीत जास्त दहा. कारण एकच फिल्म तीन-चार वेळा बघायची आहे, अर्ध्या तासाची असली तर दुसऱ्यांदा कोणी थांबत नाही.

नेटचा भरवसा नसतो, लाईटचा तर त्याहून नाही, म्हणून दुपारी रेंज असते तेव्हाच डाउनलोड करून ठेवा आणि प्रोजेक्टर नसला तर मोबाईल आडवा करून डब्याला टेकवा, हातात धरू नका, हात हलला की बारीक हालचाल दिसतच नाही. ब्राइटनेस पूर्ण आणि खोलीतला ट्यूबलाईट बंद.

गावात चारचौघांसमोर लावायची असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. त्यासाठी ब्लेंडर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवाल्यांनी बनवलेल्या फिल्म बेस्ट आहेत, २००८ ची बिग बक बनी, २०१० ची सिंटेल, २०१९ ची स्प्रिंग. या खुल्या लायसन्सवर दिलेल्या आहेत, म्हणजे डाउनलोड करा, सगळ्यांना दाखवा, फक्त बनवणाऱ्यांचं नाव सांगा. बिग बक बनी दहा मिनिटांची आहे, त्यात बोलणं नाही, म्हणून भाषेची अडचण नाही. आम्ही पहिल्या शनिवारी तीच लावली होती.

आणि घरातल्या मोठ्या माणसांना आधी काहीतरी ओळखीचं दाखवा. १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी विजया मुळे यांनी केलेली 'एक अनेक और एकता' ही छोटी फिल्म दूरदर्शनवर बघितलेली माणसं अजून गावोगाव आहेत. ती लावली की आई-काकू लोक "हे तर आम्ही लहानपणी पाहिलं" म्हणत पुढं सरकतात आणि मग बाकीचं दाखवायला सोपं जातं.

पहिल्यांदा बघताना : तोंड बंद

काही शोधू नका. नावं सुरू झाल्यापासून शेवटची नावं संपेपर्यंत पूर्ण बघा, मधी थांबवू नका, "हे कसं केलं असेल" हे पण आत्ता नको. शेवटची नावं मुद्दाम सांगतोय, छोट्या फिल्ममध्ये कधी कधी एकच नाव चार वेळा येतं, चित्र त्याचंच, आवाज त्याचाच, एडिटिंग पण त्याचंच, आणि ते वाचल्यावर मघाशी बघितलेलं एकदम वेगळं वाटतं.

संपल्यावर अर्धा मिनिट कोणी बोलायचं नाही असा आमचा नियम आहे. मग प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, कोणती जागा डोळ्यासमोर राहिली. चांगली का वाईट ते नंतर. पोट्टे हे लय छान करतात, "ते पान पडलं ना, ते" एवढंच म्हणतात आणि बरेचदा बनवणाऱ्याने सगळ्यात जास्त मेहनत तिथंच घेतलेली असते.

दुसऱ्यांदा : आवाज बंद करून वजन बघा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून इथं जरा जास्त थांबतो.

संगीत माणसाला फसवते. वाईट हालचाल पण चांगल्या गाण्यावर चालून जाते, म्हणून आवाज पूर्ण बंद करा आणि फक्त एक प्रश्न विचारा, या चित्राला वजन आहे का? कागदावरच्या रेषेला वजन नसतं, ते काढणाऱ्याला आणावं लागतं, आणि ते येतं हालचालीच्या वेळेतून.

मार्केट यार्डात हमाल सोयाबीनचं पोतं उचलतो ते आठवा. तो सरळ उचलत नाही. आधी पाय फाकवतो, गुडघ्यात वाकतो, पोत्याचे कान पकडतो, एकदा हलवून अंदाज घेतो आणि मग कंबर मागं टाकून एका झटक्यात पाठीवर. पोतं पाठीवर आल्यावर एक पाऊल अडखळतं, मग चाल लागते. आता हेच ॲनिमेशनमध्ये बघा, पात्र जड वस्तू उचलते तेव्हा आधी खाली जाते का? शरीर उलट्या बाजूला कलते का? उचलल्यावर लगेच पळायला लागलं तर ती वस्तू थर्माकोलची आहे असं डोळा म्हणतो, मग तिच्यावर कितीही दगडाचा रंग मारलेला असो.

हालचालीच्या आधीची ही जी उलटी तयारी आहे, उडी मारायच्या आधी खाली बसणं, कुऱ्हाड घालायच्या आधी मागं नेणं, तिला ॲनिमेशनवाले अँटिसिपेशन म्हणतात. डिस्नेच्या दोन जुन्या ॲनिमेटरनी, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी, १९८१ मध्ये पुस्तकात अशी बारा तत्त्वं लिहून ठेवली. बाराही पाठ करायची गरज नाही, बघणाऱ्याला तीन पुरतात. एक ही तयारी. दुसरं, थांबल्यावर मागून येणारं, म्हणजे बैल थांबला तरी झूल आणि शेपूट जरा वेळ हलत राहते, बाई वळली की पदर मागून वळतो. तिसरं, दबणं आणि ताणणं, चेंडू जमिनीवर आपटला की चपटा होतो आणि उसळला की लांबट, पण आतला माल तेवढाच राहिला पाहिजे, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा. चपटा झाला आणि रुंद झाला नाही तर तो चेंडू आक्रसल्यासारखा दिसतो आणि खटकतो.

खटकलं की थांबवा आणि मागं घ्या. संगणकावर यूट्यूब थांबवून कीबोर्डवरची स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबली तर एकेक फ्रेम (म्हणजे फिल्मचा एक स्थिर फोटो) मागं-पुढं जाते, मोबाईलवर स्पीड ०.२५ करा. सिनेमात साधारण सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण हाताने काढणारे बरेच लोक एक चित्र दोन फ्रेम ठेवतात म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. या हिशोबाने आठ मिनिटांच्या फिल्मला ५,७६० चित्रं लागतात. एका वहीची १०० पानं धरली तर सत्तावन वह्या भरून वर साठ चित्रं! हा हिशोब मी पोरांसमोर फळ्यावर मांडला तेव्हा कोणी हसलं नाही, सगळे गप्पच झाले.

फ्रेम मोजताना एक मजा दिसेल. जोरात हात फिरवला तिथं मधल्या एका चित्रात हात लांब ओढलेला, पुसट, कधी तीन-तीन हात काढलेले असतात. ती चूक नाही, वेगात तो फटकारा दिसावा म्हणून मुद्दाम काढलेला असतो. त्याच फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून "बघा किती घाण काढलंय" असं टाकणारे लोक असतात, तसं करू नका, ते चित्र एकटं बघायसाठी काढलेलंच नाही.

तिसऱ्यांदा : डोळे मिटून

आता उलटं. आवाज चालू, डोळे बंद. ॲनिमेशनमध्ये कोणताच आवाज आपोआप येत नाही, पावलाचा, दाराचा, वाऱ्याचा, सगळे कोणीतरी बसून टाकलेले असतात. कुठं आवाज मुद्दाम टाकलेला नाही ते पण ऐका. दोन मिनिटांत होते हे काम.

कशाने बनवली ते ओळखणं

रेषा जराशी थरथरत असेल, स्थिर उभ्या माणसाची बाह्यरेषा पण जिवंत वाटत असेल तर बहुतेक हाताने काढलेलं. कोपर आणि गुडघे खिळ्यावर फिरल्यासारखे, चेहरा तोच आणि फक्त तुकडे हलतात, तर कटआऊट, म्हणजे कापलेले तुकडे हलवून केलेलं. मातीवर बोटांचे ठसे दिसतात, कपड्याची लव फ्रेमगणिक उडते, सावल्या खऱ्या, तर स्टॉप मोशन, म्हणजे वस्तू जरा हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची. सगळं गुळगुळीत आणि कॅमेरा पात्राभोवती सहज फिरतो तर थ्रीडी, म्हणजे संगणकावर बनवलेलं. हे नियम पक्के नाहीत, आजकाल थ्रीडीवाले पण मुद्दाम हाताच्या रेषेसारखं करतात, पण सुरुवातीला एवढं चालतं.

आपल्या मराठी माणसाने हे लय आधी करून ठेवलं आहे हे पोरांना सांगा. दादासाहेब फाळक्यांनी राजा हरिश्चंद्रच्या आधी, १९१२ च्या सुमारास, कुंडीत वाटाणा लावून त्याचं रोप वाढताना थोड्या थोड्या वेळाने चित्रं घेतली आणि पडद्यावर रोप डोळ्यादेखत वाढताना दाखवलं. ज्याने पेरलं त्यालाच कळतं की अंकुर रोज दिसत नाही, एक दिवस अचानक दिसतो, आणि ते मधलं सगळं फाळक्यांनी पकडलं.

कशाने बनवली हे कळल्यावर बघायची मजा कशी वाढते त्याचं एक उदाहरण देतो. युरी नॉर्स्टाइन या रशियन कलाकाराची १९७५ सालची धुक्यात हरवलेल्या साळिंदरासारख्या छोट्या प्राण्याची दहा मिनिटांची फिल्म आहे, हेजहॉग इन द फॉग. त्यातलं धुकं बघून आमच्याकडची एक काकू म्हणाली की डिसेंबरात पहाटे तुरीच्या वावरात असंच असते, हात लांब केला की हात दिसत नाही. ते धुकं म्हणजे अगदी पातळ कागद आहे, चित्रावर ठेवायचा आणि फ्रेमगणिक हळूहळू कॅमेऱ्याकडं वर उचलायचा, कागद जवळ येईल तसं खालचं पुसट होत जातं. बस. हे सांगितल्यावर काकूने परत लावायला सांगितली आणि दुसऱ्यांदा ती धुकंच बघत बसली, गोष्ट नाही. अलेक्झांडर पेत्रोव्हची १९९९ ची ओल्ड मॅन अँड द सी पण अशीच, काचेवर ऑइल पेंट आणि बरंचसं काम बोटांनी, २९ हजारांवर फ्रेम. पुढचं चित्र त्याच काचेवर, आधीचं मोडून. म्हणजे प्रत्येक चित्र फोटोपुरतंच जगतं.

आणि आपल्याकडं गीतांजली राव यांनी २००६ ची प्रिंटेड रेनबो जवळजवळ एकटीने रंगवली, मांजरासोबत राहणारी एकटी म्हातारी आणि तिच्या आगपेटीच्या डब्यांवरची चित्रं. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवातल्या क्रिटिक्स वीक या विभागात या फिल्मला बक्षिसं मिळाली. मला ती म्हातारी खिडकीशी उभी राहते त्या जागा सगळ्यात जास्त आवडतात, तिथं जवळजवळ काहीच हलत नाही.

गोष्टीत काय सोडलं ते बघा

छोट्या फिल्ममध्ये सांगायला वेळ नसतो, म्हणून काय गाळलं त्यात कसब असतं. मिखाएल डुडोक डे विट यांची २००० ची फादर अँड डॉटर घ्या, आठ मिनिटं, एकही संवाद नाही. बाप मुलीला किनाऱ्यावर सोडून होडीतून जातो, मुलगी सायकलवर परत परत त्या जागी येते आणि येता येता वय वाढत जातं. बाप का गेला हे सांगतच नाहीत. कोणाचा चेहरा जवळून दाखवत नाहीत. वारा, चढ, सायकल आणि लांब सावल्या, याच्यावर पूर्ण आयुष्य. बघून झाल्यावर "यात काय काय सांगितलं नाही" याची यादी करा, तोंडी करा, आमच्या इथं ही यादी करता करता अर्धा तास गेला आणि ज्यांच्या घरचं माणूस कामासाठी पुण्या-सुरतेकडं गेलं आहे ती माणसं त्या दिवशी लय बोलली.

फॅन लोकांनी बनवलेलं कसं बघायचं

याला लोक कमी समजतात, मला ते पटत नाही. झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) दिवाळीनंतर नाटकं होतात, गोष्ट ओळखीची असते तरी लोक रात्रभर बसतात, कारण हा नट तीच गोष्ट कशी करतो ते बघायचं असतं. फॅनचं काम तसंच बघा. मूळ पात्र त्याचं नाही, तर त्याने त्यात स्वतःचं काय घातलं?

प्रकार दोन मुख्य. एकात मूळ मालिकेचेच तुकडे कापून गाण्यावर बसवतात, त्याला एएमव्ही (ॲनिमे म्युझिक व्हिडिओ) म्हणतात, १९८२ मध्ये जिम कापोस्टास या अमेरिकन पोराने दोन व्हीसीआर जोडून असा पहिला व्हिडिओ केला असं मानतात. इथं चित्र बघू नका, ते दुसऱ्याचं आहे. इथं कट बघा, ठेक्यावर कापलं का, का मुद्दाम ठेक्याच्या जरा आधी, आणि दोन वेगळ्या प्रसंगांतली माणसं एकमेकांकडं बघून राहिली असं वाटायला लावलं का.

दुसऱ्यात फॅन स्वतः काढतात. त्यातला मला सगळ्यात आवडणारा प्रकार म्हणजे मॅप, मल्टी ॲनिमेटर प्रोजेक्ट. एक जण गाणं घेतो, त्याचे वीस-तीस तुकडे पाडतो, प्रत्येक तुकडा वेगळा माणूस काढतो, कोणी ब्राझीलमध्ये, कोणी इंडोनेशियात, आणि शेवटी सगळं जोडतात. पोळ्याच्या तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात ना, प्रत्येक घराची झूल वेगळी, कोणाची शिंगं रंगवलेली, कोणाच्या मठाट्या नव्या, कोणाकडं नुसता गेरू, पण तोरण एक. मॅप तसा बघा. दर पाच-सात सेकंदांनी हात बदलतो, तो कुठं बदलला ते ओळखा, मग आवडलेल्या तुकड्याचा नंबर खाली माहितीत बघून त्या माणसाच्या पानावर जा. एखादा तुकडा कच्चा असतो, कधी नुसत्या पेन्सिल रेषा, काढणारं पोरगं चौदा वर्षांचं असू शकतं. त्याच्यात एक जागा तरी अशी शोधा जिथं त्याने विचार केलेला दिसतो. सापडते.

चित्रकला साधी असली म्हणून ॲनिमेशन साधं नसतं. ॲलन बेकरची २००६ ची ॲनिमेटर व्हर्सेस ॲनिमेशन बघा, पात्र म्हणजे काडीचा माणूस, पण त्याची धाव, पडणं, राग सगळं कळतं, कारण वेळ बरोबर आहे.

दोन गोष्टींपासून सांभाळा. कोणीतरी मूळ फिल्म उचलून सॉफ्टवेअरने "६० फ्रेम, एकदम स्मूथ" करून परत टाकतो, ते बघू नका. बनवणाऱ्याने जिथं चित्र मुद्दाम थांबवलं तिथं मशीन मधली चित्रं भरते आणि हमालाचं पोतं परत थर्माकोलचं होते. दुसरं, नाव कापलेली कॉपी. माझ्या भाचीने सहा सेकंदांची फॅन क्लिप केली होती, अठरा दिवस लागले, कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव. तो कोपरा क्रॉप करून कोणत्यातरी पेजने टाकली आणि गावातल्या लोकांनी तिलाच फॉरवर्ड केली, "बघ किती छान". ती दोन दिवस नीट जेवली नाही. म्हणून फॉरवर्ड करायच्या आधी मूळ कोणाचं ते शोधा, लिंक त्याचीच द्या.

आणि आवडलं तर कमेंट लिहा, पण "मस्त" आणि आगीचा इमोजी एवढंच नको. वेळ टाका. "०:४२ ला ती दार लावते तेव्हा ओढणी दारात अडकते आणि ती परत उघडते, ते फार आवडलं" असं. मराठीत लिहिलं तरी चालतं, लोक भाषांतर करून वाचतात. चूक सांगायची तर आबांसारखी सांगा, काय चुकलं आणि खरं कसं असते, दोन्ही.

शेवटची पायरी : एक सेकंद स्वतः करा

वहीच्या उजव्या कोपऱ्यात, शेवटच्या पानावरून सुरू करून, पेन्सिलीने. मागची रेष पुढच्या पानावर पुसट दिसते, तिच्यावरून जरा सरकवून पुढचं काढायचं. बारा पानं म्हणजे एक सेकंद. नाही तर तुरीचे दाणे नाहीतर तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घ्या, मोबाईल दोन विटांवर घट्ट ठेवा, नंदी करंगळीच्या नखाएवढा सरकवा, फोटो, परत सरकवा. फ्लिपाक्लिपसारख्या ॲपमध्ये हे फोटो जोडता येतात. उजेड खिडकीचा घेऊ नका, ढग आला की चित्र लुकलुकते, एकच बल्ब लावा आणि स्वतःची सावली पडू देऊ नका.

भाचीने बैलच घेतला. आबांना गोठ्यात घेऊन गेली, बैल उठताना मोबाईलवर शूट केला आणि एकेक फ्रेम थांबवून बघितली. आधी मागचं धड, मग ती अडखळ, जिथं पूर्ण भार पुढच्या दोन गुडघ्यांवर असतो आणि मान खाली जाते. त्या अडखळीला तिने पहिल्यांदा दोन चित्रं दिली, बैल स्प्रिंगसारखा उठला. मग पाच दिली. एकूण अठरा चित्रं, दीड सेकंद.

एवढं तुमचं करून झालं की पहिल्या दिवशी बघितलेली तीच फिल्म परत लावा, आणि तेव्हा जी जागा डोळ्यासमोर राहिली होती तिथं थांबवून फ्रेम मोजा.